झिरो-बावन्न-चौतीस आणि हिरवा उजेड



नांदगाव खंडेश्वरला भौतिकशास्त्राचं संमेलन भरतं आणि त्याचा विषय अरेषीय प्रकाशिकी असतो, याचा मला किती आनंद झाला हे शब्दांत सांगता येणार नाही. मी याच तालुक्यातली. यवतमाळ रोडच्या एसटीनं मी अमरावतीला शिकायला गेले. परीक्षेच्या आदल्या दिवशी खंडेश्वराच्या काळ्या दगडाच्या देवळात गार फरशीवर बसून मी मॅक्सवेलची समीकरणं पाठ केली आहेत. त्या गावानं आज अध्यक्षपद दिलं, म्हणून शिष्टाचाराचं भाषण न करता, मनात बरीच वर्षं साठलेलं बोलणार आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थिनीचे वडील आले होते. मुलगी प्रकल्पासाठी स्फटिक वाढवत होती. टेबलावर बीकर, गाळणकागद आणि पांढऱ्या पावडरीची बाटली. वडिलांनी विचारलं, हे काय आहे? ती म्हणाली, "बाबा, केडीपी. पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट." ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पोटॅश अन् फॉस्फरस? मंग हे तं झिरो-बावन-चौतीस व्हय. आमी तं हे तुरीवर मारतो."

ते अगदी बरोबर होते. कृषी केंद्रात ०:५२:३४ म्हणून मिळणारं विद्राव्य खत म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. रासायनिक सूत्र तेच. बावन्न टक्के फॉस्फरस पेंटॉक्साईडच्या हिशेबात, चौतीस टक्के पोटॅशच्या हिशेबात. शेंगा भरायच्या वेळी पंपात घालून आपण ते फवारतो. याच पदार्थाचा एकसंध स्फटिक वाढवला, ठरावीक कोनात कापला आणि त्यातून न दिसणारा अवरक्त लेझर किरण सोडला, तर प्रकाशाची वारंवारता दुप्पट होऊन पलीकडून हिरवा उजेड बाहेर पडतो. अमेरिकेत लिव्हरमोरला नॅशनल इग्निशन फॅसिलिटी आहे. १९२ लेझर किरण एका मिरीएवढ्या इंधनगोळीकडे रोखून ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथं २.०५ मेगाज्यूल ऊर्जेच्या बदल्यात ३.१५ मेगाज्यूल संमीलन ऊर्जा मिळवली गेली. त्या किरणांची तरंगलांबी १०५३ नॅनोमीटरवरून ३५१ वर आणणारे पडदे याच केडीपीचे आणि त्याच्या ड्युटेरियमयुक्त भावंडाचे आहेत. त्यासाठी तिथं तीनशे किलोहून जास्त वजनाचे एकेक स्फटिक वाढवले गेले. तुरीच्या वावरातला पंप आणि लिव्हरमोरचा लेझर यांच्यात एकच संयुग उभं आहे. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवत होते, पण जोडून दिलं ते त्या शेतकऱ्यानं.

त्या दिवसापासून मी कृषी केंद्राच्या फळीकडे वेगळ्या नजरेनं पाहते. तिथं १२:६१:० असतं. ते मोनो अमोनियम फॉस्फेट, म्हणजे आपलं एडीपी, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढणाऱ्या सोनारसाठी याचे स्फटिक मोठ्या प्रमाणावर वाढवले गेले, आणि तेही प्रकाशाची वारंवारता दुप्पट करतं. युरियाची गोणी असते. कुर्ट्झ आणि पेरी यांनी १९६८ साली पावडरीवरून वारंवारता दुप्पट करायची ही क्षमता मोजायची सोपी पद्धत दिली. त्या पद्धतीत सेंद्रिय पदार्थांची तुलना आजही युरियाशी करतात. मात्र त्याच फळीवरचं १३:०:४५, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, वारंवारता दुप्पट करत नाही. तेही पांढरं, तेही पाण्यात विरघळणारं, तेही स्फटिकमय. मग याला का जमत नाही? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा निम्मा पेपर या एका प्रश्नात आहे, आणि माझं म्हणणं असं की पेपर इथूनच सुरू व्हायला हवा.

आपण मात्र उलट्या टोकानं सुरुवात करतो. पहिल्या तासाला फळ्यावर ध्रुवीभवनाची घातश्रेणी येते. दुसऱ्या तासाला टेन्सर येतो, त्याचे सत्तावीस घटक येतात. शेवटचे दोन निर्देशांक अदलाबदल करता येतात म्हणून सत्तावीसचे अठरा होतात. मुलं वहीत उतरवतात, परीक्षेत परत लिहितात आणि विसरतात. त्या अठरांपैकी केडीपीत शून्य नसलेले घटक फक्त तीन असतात आणि त्यातले दोन सारखेच, हे त्यांना पाठ असतं. पण का, ते विचारलं की गप्प होतात. हातात स्फटिक दिला तर गप्प होत नाहीत, हे मी पाहिलेलं आहे. चौकोनी खांब आणि दोन्ही टोकांना पिरॅमिडसारखा निमुळता कळस. तो बोटांत धरून नव्वद अंशांनी फिरवायचा, उलटा करायचा, काय बदललं आणि काय नाही ते बघायचं. आत अणू कसे रचलेत त्याची आकृती शेजारी ठेवायची. मग सममिती म्हणजे कोष्टकातलं चिन्ह उरत नाही.

विषय मुळात काय आहे ते पालकांसाठी दोन शब्दांत सांगते, आणि विद्यार्थ्यांनीही ऐकावं.

लग्नाच्या मांडवातला भोंगा आठवा. आवाज बेतात असेल तर गाणारा जे गातो तेच भोंगा बोलतो. दुप्पट जोरात गायलं तर दुप्पट जोरात बोलतो. हे रेषीय वागणं. पण ऑपरेटरनं आवाज पूर्ण चढवला की भोंग्याचा पडदा तेवढा हलू शकत नाही, आणि मग त्यातून असे सूर बाहेर पडतात जे गाणाऱ्याच्या गळ्यात नव्हतेच. मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांचे सूर. पदार्थातले इलेक्ट्रॉन हे असे पडदे आहेत. साधा प्रकाश त्यांना अगदी हळू हलवतो. मे महिन्यात आपल्याकडचं दुपारचं ऊन चौरस मीटरला सुमारे १००० वॅटचं धरलं, तर त्याचं विद्युतक्षेत्र मीटरला साधारण ८७० व्होल्ट भरतं. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉनला धरून ठेवणारं क्षेत्र मीटरला सुमारे ५० हजार कोटी व्होल्टचं आहे. आपलं ऊन माणसाला उष्माघात करतं, पण इलेक्ट्रॉनच्या दृष्टीनं ती झुळूकही नाही. म्हणून शतकानुशतकं प्रकाशशास्त्र रेषीय राहिलं. इलेक्ट्रॉनचा भोंगा फाटेपर्यंत आवाज चढवायला लेझर यावा लागला.

आता हा भोंगा नीट लक्षात ठेवा, कारण सममितीचं उत्तर त्यातच आहे. पडदा आत जितका अडतो तितकाच बाहेरही अडत असेल, तर नवे सूर तिप्पट, पाचपट असे विषमच निघतात. दुप्पट कंपनांचा सूर निघायला पडद्याची आतली आणि बाहेरची अडचण वेगळी असावी लागते. स्फटिकाचंही तसंच. ज्याच्या रचनेला मध्यबिंदूभोवतीची सममिती आहे, म्हणजे प्रत्येक अणूच्या बरोबर उलट बाजूला तसाच अणू बसलेला आहे, तिथं इलेक्ट्रॉनला डावं-उजवं सारखंच. तिथं वारंवारता दुप्पट होत नाही. घरातलं मीठ तसलं, आणि १३:०:४५ तसलं. खडीसाखर मात्र तशी नाही. साखरेच्या रेणूलाच डाव्या किंवा उजव्या हातासारखी ठरलेली बाजू आहे, म्हणून तिच्या स्फटिकात असा मध्यबिंदू असूच शकत नाही. दोऱ्यावर वाढलेला देवळातल्या प्रसादाचा खडा लेझरखाली ठेवला, तर तो हिरवा प्रकाश देतो. मीठ आणि साखर यांच्यातला हा फरक समजलेल्या विद्यार्थ्याला टेन्सरच्या तक्त्यातले शून्य पाठ करावे लागत नाहीत.

इतिहासातला एक प्रसंग प्रत्येक वर्गात सांगावा असा आहे. १६ मे १९६० रोजी मेमनचा माणकाचा लेझर पहिल्यांदा चालला. पुढच्याच वर्षी, १९६१ साली, मिशिगन विद्यापीठात पीटर फ्रँकन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्याचा ६९४ नॅनोमीटरचा लाल किरण क्वार्ट्झमधून नेला आणि ३४७ नॅनोमीटरचा, म्हणजे बरोबर निम्म्या तरंगलांबीचा, न दिसणारा जंबुपार प्रकाश फोटोच्या काचेवर पकडला. तो इतका अंधुक होता की काचेवर फक्त एक बारीक ठिपका उमटला. फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये तो फोटो छापायला गेला, तेव्हा छपाईकडच्या कुणाला तो धुळीचा डाग वाटला आणि पुसला गेला. आज तो निबंध उघडला तर ठिपक्याकडे दाखवणारा बाण दिसतो, आणि बाणाच्या टोकाला काहीही नाही. एका विद्याशाखेचा जन्म झाल्याची नोंद अशी कोरी छापली गेली. मी हे पान मुलांना दाखवते आणि विचारते, तुमच्या आलेखावरचा कुठला ठिपका तुम्ही डाग समजून पुसला?

तो प्रकाश इतका अंधुक का होता, याचं उत्तर वऱ्हाडातल्या माणसाला समजवायला सोपं आहे. जुवाला दोन बैल जोडले आणि एकाचं पाऊल लांब, दुसऱ्याचं आखूड असलं तर बंडी पुढं जाईल का? थोडं ओढतील, मग एकमेकांच्या विरोधात ओढतील. स्फटिकात मूळ प्रकाश आणि नवा दुप्पट वारंवारतेचा प्रकाश यांचे वेग वेगळे असतात, कारण दोघांचा अपवर्तनांक वेगळा. पुढच्या थरात जन्मलेला नवा प्रकाश मागच्या थरातून आलेल्या नव्या प्रकाशाला खाऊन टाकतो. १०६४ नॅनोमीटरच्या किरणासाठी क्वार्ट्झमध्ये मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागात हे घडायला लागतं. १९६२ साली जॉर्डमेन यांनी आणि स्वतंत्रपणे मेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला, आणि तोही केडीपीतच. हा स्फटिक द्विअपवर्तनी आहे. त्यातून प्रकाश कुठल्या दिशेनं आणि कुठल्या ध्रुवणानं जातो यावर त्याचा वेग ठरतो. मग अशी दिशा शोधायची, जिथं दोन्ही पावलं एकत्र पडतील. १०६४ नॅनोमीटरच्या अवरक्त किरणाला ५३२ च्या हिरव्यात बदलायचं तर केडीपीच्या अक्षाशी हा कोन साधारण ४१ अंश येतो. चाळीसला अंधार, एक्केचाळीसला हिरवा उजेड. फिरत्या ठाणावर स्फटिक हळूहळू फिरवताना अचानक उजळणारा तो क्षण ज्यानं एकदा पाहिला, त्याला कला-जुळणीचं, म्हणजे फेज मॅचिंगचं, सूत्र पुन्हा सांगावं लागत नाही.

आता आपल्या भागातल्या कामाकडे येते. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात अरेषीय स्फटिकांवर बरीच वर्षं काम होतं आहे. छत्रपती संभाजीनगरला आणि बीडच्या कॉलेजातही झालं आहे. केडीपीत अमिनो आम्लं मिसळून पाहणं, थायोयुरियाचे जस्ताबरोबरचे स्फटिक वाढवणं, असं ते काम. दूरच्या कॉलेजांना हे शक्य झालं, कारण सुरुवातीला लागतं ते थोडकंच. बीकर, शुद्ध पाणी, ढवळणी, गाळणकागद आणि अमाप धीर. मंद बाष्पीभवनाची पद्धत गरीब प्रयोगशाळेची आहे, आणि मला ती अभिमानाची वाटते.

पण आपल्या हवेत स्फटिक वाढवणं सोपं नाही. केडीपी २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात साधारण २२ ग्रॅम विरघळतं, आणि तापमान वाढलं की झपाट्यानं जास्त विरघळतं. म्हणजे एका अंशाचा फरकही स्फटिकाला कळतो. मे महिन्यात पाणी इतकं भराभर उडतं की एका चांगल्या स्फटिकाऐवजी तळाशी रव्यासारखे शंभर बसतात. थंडीत दिवसा आणि पहाटे इतका फरक पडतो की दिवसा वाढलेला स्फटिक... नाही, उलट आहे, दिवसा थोडा विरघळतो आणि रात्री घाईनं वाढतो. घाईनं वाढलेल्या थरात द्रावण अडकतं आणि तिथं दुधी पडदा येतो. माझ्या पीएच.डी.च्या काळात मी स्थिर तापमानाच्या टाकीत एक स्फटिक सव्वीस दिवस वाढवला होता. काचेसारखा स्वच्छ, अंगठ्याच्या पेराएवढा. सत्ताविसाव्या रात्री भारनियमन झालं. हीटर बंद पडला, टाकी गार झाली. सकाळी दार उघडलं तर तळाला बारीक स्फटिकांचा थर होता आणि माझ्या स्फटिकाच्या एका बाजूवर मोतीबिंदू आल्यासारखी पांढुरकी साय. मी तो स्फटिक फेकला नाही. तो पडदा मोजला तर वीज किती वेळ गेली होती याचा अंदाज बांधता येतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना त्याच स्फटिकावर दाखवते.

खताचं केडीपी वापरून मुलांनी स्फटिक वाढवावेत असं मी सुचवते, तेव्हा शुद्धतेचा प्रश्न येतो. येऊ द्या, तोच धडा आहे. खतात लोह, ॲल्युमिनियम अशी त्रिसंयुजी धातूंची अशुद्धी असते. ती खांबाच्या बाजूंना चिकटून त्यांची वाढ अडवते, आणि स्फटिक वर जाताना निमुळता होत जातो. खतापासून वाढवलेला एक आणि पुन्हापुन्हा गाळून, स्फटिकीकरण करून शुद्ध केलेल्या पावडरीचा एक, असे दोन स्फटिक शेजारी ठेवा. अशुद्धी म्हणजे काय, हे दुसऱ्या कुठल्या पद्धतीनं इतकं स्पष्ट दिसेल मला माहीत नाही.

आता जे बोलणार आहे ते अध्यापक मित्रांना कडू वाटेल, तरी बोलायलाच हवं. गेल्या दोन-तीन दशकांत भारतात अरेषीय स्फटिकांवर प्रचंड प्रमाणात निबंध छापले गेले. दोन क्षार एका बीकरमध्ये घालायचे, जे बसेल त्याला नवं लांबलचक नाव द्यायचं, अवरक्त वर्णपट, क्ष-किरण, पावडरीची चाचणी, झाला निबंध. गोवा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातले प्रा. बी. आर. श्रीनिवासन यांनी अशा दाव्यांमागे चिकाटीनं लागून एकेक तपासला. नवा म्हणून जाहीर झालेला स्फटिक अनेकदा मुळात टाकलेल्या पदार्थाचाच होता, हे त्यांनी दाखवून दिलं. ग्लायसिनचं उदाहरण यात वारंवार येतं. साध्या पाण्यातून ग्लायसिन अल्फा रूपात बसतं. त्याला मध्यबिंदूची सममिती आहे, म्हणून ते वारंवारता दुप्पट करत नाही. पण पाण्यात काही क्षार असले तर ते गॅमा रूपात बसतं, आणि गॅमा रूप दुप्पट करतं. आता विचार करा. संशोधकानं ग्लायसिनमध्ये एक धातूचा क्षार घातला, स्फटिक आला, लेझरखाली हिरवा उजेड दिसला, त्यानं आनंदानं नव्या संयुगाचं नाव छापलं. आणि तो होता निव्वळ गॅमा ग्लायसिन. धातू द्रावणातच राहिला होता.

त्या हिरव्या उजेडात खोटं काहीच नव्हतं. खोटं होतं नाव. आणि ते नाव टाळायला महागडं यंत्र लागत नव्हतं. स्फटिकाची घनता मोजली असती, धातू आहे का याची साधी रासायनिक चाचणी केली असती, एकक कोष्ठिकेच्या (युनिट सेलच्या) मापांची जुन्या नोंदींशी तुलना केली असती, तर कळलं असतं. प्रा. श्रीनिवासन यांचे टीकालेख एम.एस्सी.च्या अभ्यासक्रमात लावावेत अशी माझी आग्रहाची सूचना आहे. चांगला निबंध कसा लिहावा हे चांगल्या निबंधातून कळतं, पण आपण काय विचारायचं विसरलो हे अशा लेखांतून कळतं. पदोन्नतीसाठी निबंधांची संख्या मोजली जाते याची मला कल्पना आहे, तो दबाव मीही भोगला आहे. तरीही बीकरमध्ये काय आहे हे ठाऊक नसताना त्याला नाव देऊ नये, एवढी शपथ तरी या संमेलनानं घ्यावी.

भाषेबद्दल थोडं. आमच्या वेळी एम.एस्सी.ला अरेषीय प्रकाशिकीसाठी हातात यायचं ते बी. बी. लॉड यांचं 'लेझर्स अँड नॉन-लिनिअर ऑप्टिक्स'. ते मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक होते. देशभरातल्या विद्यार्थ्यांनी वाचलेलं हे पुस्तक आपल्या शेजारच्या मराठवाड्यात लिहिलं गेलं, हे आजच्या कितीजणांना माहीत आहे? पुढे शेन आणि बॉइड यांची पुस्तकं हाती आली. ती जरूर वाचावीत, पण लॉडच्या पुस्तकाची पायरी ओलांडून थेट बॉइडकडे जाणारी मुलं अर्ध्यात अडकतात असा माझा अनुभव आहे. पुस्तक इंग्रजीत असलं तरी वर्गातलं समजावणं मराठीत व्हावं, असं मला ठामपणे वाटतं. भोंगा आणि बंडीची उदाहरणं मी दिली ती सजावट म्हणून नाहीत. फेज मॅचिंग हा शब्द परीक्षेत लिहायचाच आहे. पण मनात तो पावलं एकत्र पडण्यासारखा बसला, तरच उद्या विद्यार्थ्याला मुलाखतीत कुणी उलटा प्रश्न विचारला तर उत्तर सुचेल.

निकोलास ब्लुम्बर्गेन यांना याच विषयासाठी १९८१ साली नोबेल मिळालं. आर्मस्ट्राँग, ड्युक्विंग आणि पर्शन यांच्यासह १९६२ साली त्यांनी लिहिलेला निबंध आजही पाया मानला जातो. हा माणूस १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये लपून राहिला होता. उपासमार इतकी की ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले, आणि कंदिलाच्या उजेडात क्रामर्सचं क्वांटम सिद्धांताचं पुस्तक वाचलं. आपल्या तालुक्यातल्या ज्या मुलांनी भारनियमनात कंदिलाखाली अभ्यास केला आहे, त्यांनी हे नाव आपल्या घरच्या माणसासारखं लक्षात ठेवावं. आणि रामन यांचं नाव तर आपल्या विदर्भाशीच जोडलेलं आहे. १९१० साली ते सरकारी हिशेब खात्याचे अधिकारी म्हणून नागपुरात होते. नोकरी हिशेबाची, मन ध्वनी आणि प्रकाशात. १९२८ साली जो परिणाम त्यांनी शोधला, त्याचंच लेझरनं चेतवलेलं रूप १९६२ साली सापडलं, आणि तोही आपल्या विषयाचा एक मोठा अध्याय झाला.

मुलं विचारतात, पुढं काय? नेट-सेट, गेट, जेस्ट द्या, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणते, इंदूरला जाऊन या. १९८४ साली पायाभरणी झालेलं तिथलं प्रगत तंत्रज्ञान केंद्र, आजचं राजा रामण्णा केंद्र, डॉ. दिलीप भवाळकर यांच्या नेतृत्वाखाली उभं राहिलं. अमरावतीहून एका रात्रीचा प्रवास. आणि मुलींना मी मुद्दाम डोना स्ट्रिकलंड यांचं सांगते. २०१८ साली त्यांना जेरार मुरू यांच्याबरोबर नोबेल मिळालं ते १९८५ साली छापलेल्या कामासाठी. लेझरचं स्पंद आधी ताणायचं, मग वाढवायचं, मग दाबायचं, ही ती युक्ती. तेव्हा त्या पीएच.डी.च्या विद्यार्थिनी होत्या. आज समोर बसलेल्या तुमच्याच वयाच्या, थोड्याशाच मोठ्या.

एक कळकळीची विनंती पालकांना आणि गावच्या मंडळांना. जत्रेत मिळणारा स्वस्त हिरवा लेझर पॉइंटर म्हणजे आपल्या विषयाचं सगळ्यात छोटं रूप. आत ८०८ नॅनोमीटरचा डायोड, मग निओडिमियमचा स्फटिक, मग केटीपी, आणि शेवटी ५३२ चा हिरवा. पण स्वस्तात अवरक्त अडवणारी गाळणी बहुतेकदा गाळलेली असते. हिरव्याबरोबर न दिसणारा किरणही बाहेर येतो, आणि डोळा तो दिसत नसल्यामुळे मिटत नाही. मिरवणुकीतल्या मोठ्या लेझरनं तर आपल्या राज्यात लोकांच्या डोळ्यांच्या पडद्याला कायमची इजा झाली आहे. लहान पोरांच्या हातात ही वस्तू देऊ नका, आणि मिरवणुकीत किरण गर्दीवर रोखू देऊ नका. आमच्या प्रयोगशाळेत चष्म्याशिवाय लेझर सुरू होत नाही. रस्त्यावर तोच नियम का नसावा?

माझं बोलणं इथं थांबवते. बाहेरच्या टेबलावर प्रत्येक कॉलेजच्या नावाची एक डबी ठेवली आहे. आत नायलॉनच्या बारीक दोऱ्याला बांधलेलं केडीपीचं एक बी आहे, तांदळाच्या दाण्याएवढं, आमच्या विद्यार्थिनींनी वाढवलेलं. सोबत पाव किलो शुद्ध केलेली पावडर आहे. जाताना आपापली डबी घेऊन जा. द्रावण बनवल्यावर ते दोनदा गाळा. बीकरवर छिद्रं पाडलेला कागद बांधा, आणि खिडकीपासून लांब, धक्का न लागणाऱ्या कपाटात ठेवा. आणि द्रावण पूर्ण संपृक्त झालं आहे याची खात्री पटल्याशिवाय बी आत सोडू नका. नाहीतर सकाळी नुसता दोरा दिसेल.